सहांपैकी तीन

बाळकाका दर शनिवारी दुपारच्या बसने खाणीवरून बालाघाटला यायचा आणि आईच्या स्वयंपाकाची वेळ त्या दिवशी त्या बसवर ठरायची. बस उशिरा आली की लाखोळीच्या डाळीचं पीठ तसंच झाकून ठेवलेलं असे. तो अंगणात आला, चपला काढल्या, की मग चुलीवर कढई चढे. गरम वड्याचा पहिला घाणा त्याचा, दुसरा बाबूजींचा आणि तिसऱ्याला माझा नंबर. आमचं भाड्याचं घर रेल्वे फाटकाजवळ होतं. छोट्या रुळांची गाडी जाताना फळीवरची भांडी किणकिणत आणि पलीकडच्या धानगिरणीचा भकभक आवाज दिवसभर कानात असे. तो इतका सवयीचा झालेला, की गिरणी बंद पडली की आई हात थांबवून विचारी, "काय झालं वं?" बाबूजी कचेरीत होते, कमी बोलायचे. मोठ्या ताईचं लग्न झालेलं. त्यामुळे आठवडाभर घरात शब्दांचा दुष्काळ असे आणि तो शनिवारी फिटे.

बाळकाका बाबूजींचा सगळ्यात धाकटा भाऊ, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, बिनलग्नाचा. बालाघाटपासून काही तासांवर, जंगलात, मँगनीजची एक खाण होती; नाव लिहीत नाही. तिथे तो दिव्यांच्या खोलीत कामाला होता. खाली उतरणाऱ्या प्रत्येक मजुराच्या टोपीवर एक दिवा आणि कमरेला त्याची बॅटरी असे. पाळी संपली की दिवे परत घ्यायचे, बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या, सकाळी पुन्हा वाटायच्या, एवढंच त्याचं काम. "सोपं हाय," तो म्हणायचा, "फक्त विसरायचं नाही." मी त्याला एकेरीतच हाक मारायचे. आई रागवायची, तो म्हणायचा, "राहू दे वहिनी, सुमी माही दोस्त हाय."

एकदा कुणी मंत्री आमच्या गावी हेलिकॉप्टरने आले होते. सगळं गाव मैदानावर. पंखा फिरू लागला तशी धुळीची भिंत उठली, लोक पदर-रुमाल तोंडावर घेऊन पाठमोरे झाले. काका तेवढा डोळे उघडे ठेवून तसाच उभा राहिला. दोन दिवस त्याचे डोळे लाल होते. त्यानंतर वाचनालयातल्या एका जुन्या इंग्रजी मासिकात त्याला एक फोटो सापडला: कुणीतरी परदेशी माणूस हातात डबा धरून उभा आहे, डब्याला लांब काडी आहे आणि त्याच्या डोक्याच्या वर बोटभरही तार नसलेलं छोटं हेलिकॉप्टर हवेत आहे. तो फोटो पाहायला आम्ही दोघं तीन रविवार गेलो. माझ्या शाळेत विज्ञान प्रदर्शन भरणार म्हटल्यावर काकाने विचारलंसुद्धा नाही. "आपण हेलिकॉप्टर करू," तो म्हणाला. "बिनतारी आपल्याच्यानं होत नाही. आपण तार लावू. पण उडलं पाह्यजे."

मोटर मिळाली खाणीवरच्या एका साहेबाच्या मुलाच्या मोडक्या विलायती खेळण्यातली, सुपारीएवढी. सांगाडा बांबूच्या कामट्यांचा, त्यावर पतंगाचा कागद. पंख्याची पाती मात्र आमच्याकडून होईनात. पत्र्याची केली तर जड, पुठ्ठ्याची केली तर वाकत. तेव्हा काका मंगलूभाऊला घेऊन आला.

मंगलूभाऊ खाणीत मजूर होता, बिरशाकडच्या एका खेड्यातला गोंड, बायको फुलवतीसह खाणीच्या लाईनीत, मजुरांच्या खोल्यांत राहायचा. फावल्या वेळात लाकडाचे बैल, घोडे कोरायचा. आमच्या अंगणात तो उकिडवा बसला, कामटीचा सांगाडा तळहातावर ठेवून हात हळूच वरखाली केला आणि म्हणाला, "बाई, ये तो चिड़िया से हल्का है. इसको पांगारा लगेगा." पुढच्या शनिवारी तो पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची दोन पाती घेऊन आला. एवढी पातळ, की उन्हात धरली तर बोटांची सावली पलीकडून दिसे. मी म्हटलं, दोन्ही सारखी आहेत का ते तोलून पाहावं लागेल. तो हसला. दोन्ही पाती आडवी जोडून त्याने ती सुईच्या टोकावर माझ्यासमोर धरली. दोन्ही बाजू जराही हलल्या नाहीत. आईने त्याला वडे दिले, त्याने चार खाल्ले, दोन पानात बांधून घेतले. "घरवाली को दिखाऊँगा," म्हणाला. दाखवेन म्हणाला, देईन नाही. मला ते फार आवडलं होतं.

आता प्रश्न राहिला बॅटरीचा, आणि सगळं खरं त्यावरच होतं. मी पुढे पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. बॅटरीचा दाब म्हणजे काय आणि तिचा जोर म्हणजे काय, हा फरक मुलांना समजावताना मला प्रत्येक वेळी आमचं अंगण दिसायचं. बॅटरी हेलिकॉप्टरमध्ये ठेवली तर ते उचललंच जात नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं. म्हणून ती खाली टेबलावर ठेवायची, तिथून केसासारख्या दोन बारीक तारा वर जाणार आणि मध्ये विजेच्या शेगडीच्या जुन्या स्प्रिंगचा एक सरकता खटका, तो सरकवला की मोटरचा वेग कमीजास्त. हेलिकॉप्टर स्वतःभोवती गिरकी घेऊ नये म्हणून छतापासून टेबलापर्यंत दोन ताणलेले दोरे, त्यांतून ते वर सरकणार. आम्ही आधी टॉर्चचे आठ सेल एकामागे एक लावले. पाती गरगरली, हेलिकॉप्टर चार बोटं उचललं गेलं, आईने टाळी वाजवली आणि अर्ध्या मिनिटात मोटरचा आवाज बसला. नवे सेल घातले, तेच. "सेलमंदी दम नाही," काका म्हणाला. "बोलते मोठं, काम आलं का बसते." मग बसस्टँडजवळच्या मिस्त्रीने ट्रकची बॅटरी दिली, तिच्यावर हेलिकॉप्टर त्याच्या दुकानाच्या पत्र्याला जाऊन टेकलं. मी नाचलेच. पण आमच्या शाळेत आदल्या वर्षी एका मुलीच्या हातावर अॅसिड सांडलं होतं. मोठ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, अॅसिडची बॅटरी शाळेच्या फाटकातून आत येणार नाही.

त्या शनिवारी काका पिशवीतून सहा बॅटऱ्या घेऊन आला. खाणीतल्या दिव्यांच्या. बंद पेटीतल्या, न सांडणाऱ्या, पोटात भरपूर दम असलेल्या. दिव्यांच्या खोलीत सहा दिवे जास्तीचे ठेवलेले असत, एखादा बिघडला तर देण्यासाठी. त्यांच्याच या. "रविवारी खाण बंद," काका म्हणाला. "प्रदर्शन रविवारी सकाळी. संध्याकाळच्या बसनं मी वापस. सोमवारी पहिल्या पाळीच्या आधी जागेवर." बाबूजींनी पेपरातून डोकं वर काढलं. "विचारलं का कोणाले?" काका म्हणाला, "विचारलं तर नाही म्हनतीन." बाबूजी पुन्हा पेपरात गेले. नाही म्हणायला हवं होतं, असं ते पुढे एकदाच म्हणाले.

आम्हाला तीन पुरत होत्या. सहांपैकी कोणत्या तीन, ते काकाने माझ्यावर सोपवलं. मी प्रत्येकीवर खडूने आकडा घातला, प्रत्येकीला सारखाच बल्ब लावला आणि घड्याळासमोर वही घेऊन बसले. चार तास बसले. आई जेवायला हाक मारत होती, मी हललेच नाही. एक, तीन आणि सहा नंबरचे बल्ब शेवटपर्यंत पांढरे राहिले. दोन आणि पाच पिवळे पडले. चार नंबरचा आधी पिवळा, मग तांबूस, मग बल्बची तारच नुसती लाल दिसू लागली. मी वहीत लिहिलं: चार नंबर, बेकार. काकाने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाला, "वा, इंजिनेर."

रविवारी आम्ही शाळेत गेलो. टेबल मांडलं, दोरे ताणले. अकरा वाजता कळलं की शिक्षण खात्याचे साहेब आज येत नाहीत, उद्या येणार. प्रदर्शन उद्यावर गेलं.

आम्ही घरी आलो. मग काका अंगणात उभा राहून म्हणाला, "सुमे, मले बॅटऱ्या न्या लागतीन."

"मग उद्या काय दाखवू?"

"टॉर्चचे सेल लाव. चार बोटं उडते ना."

मी पंधरा वर्षांची होते. चार बोटं उडणारं हेलिकॉप्टर घेऊन सगळ्या शाळेसमोर, साहेबांसमोर उभं राहायचं, या कल्पनेनेच मला रडू फुटलं. आणि रडता रडता मी जे बोलले ते मला शब्द न् शब्द आठवतं. "तुले वर्षातून एकदा काही मागितलं तर खाण आठवते. सहातल्या तीन घेऊन जा ना. जास्तीच्याच तर हायेत. कोण मरून राह्यलं त्याच्याविना?"

काकाने पिशवी उघडली. मग त्याने दोन, चार आणि पाच पिशवीत घातल्या आणि एक, तीन, सहा माझ्या टेबलावर ठेवल्या. "मंगळवारी सकाळच्या बसच्या ड्रायव्हरजवळ दे," म्हणाला आणि संध्याकाळच्या बसने गेला. त्याने प्रदर्शनाची रजा काढलेली नव्हती, म्हणून सोमवारी तो असणार नव्हता. जाताना त्याने हेलिकॉप्टर एकदा उचललं, पात्याला बोटाने एक फेरा दिला आणि ठेवून दिलं.

सोमवारी साहेब आले. मी खटका सरकवला. मोटरचा आवाज चढत गेला, कागद थरथरला आणि हेलिकॉप्टर टेबल सोडून निघालं. सरळ, न डगमगता, दोऱ्यांमधून वर वर, थेट छताच्या तुळईपर्यंत. मी खटका मागे घेतला तसं ते हळूहळू खाली आलं आणि टेबलावर बसलं. साहेबांनी पुन्हा करायला लावलं. मी सात वेळा ते वर नेलं आणि खाली आणलं. बॅटऱ्या शेवटपर्यंत दमल्या नाहीत. पाती कुणी केली असं साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "आम्ही केली." मंगलूभाऊचं नाव घ्यायचं मला सुचलं नाही. लिहिताना आजही हात थांबतो.

संध्याकाळी पहिलं बक्षीस घेऊन मी उड्या मारत घरी आले. बाबूजी कचेरीतून लवकर आलेले, ओसरीवर बसलेले. खाणीवरून कुणीतरी निरोप आणला होता. मंगलू गेला. खाली, अंधारात, दगड खाली सोडायच्या उभ्या भोकात पडला.

काय झालं ते मला काकाकडूनच कळलं, आठ-दहा दिवसांनी, तो कायमचा घरी आल्यावर. सोमवारी सकाळी दिवे वाटताना नेहमीच्यांपैकी एक दिवा पेटेना. तो रांगेत मंगलूच्या पाठीमागे असलेल्या माणसाचा होता. जास्तीच्या दिव्यांत होत्या माझ्या नापास केलेल्या तीन बॅटऱ्या. काकाने त्यातल्या त्यात बरी, दोन नंबरची समजून एक काढली, पण खडूचे आकडे रात्री चार्जिंगला लावताना पुसले गेले होते, आणि तिन्ही दिसायला एकच. त्याला खात्री वाटेना. तो त्या माणसाला म्हणाला, "तू आज नोको जाऊ, मी मुकादमाले सांगतो." तेव्हा मंगलू पुढे झाला. "मुकादम पूछेगा, बाकी बत्ती कहाँ है. फिर तू क्या बोलेगा, बाळू?" त्याने स्वतःचा चांगला दिवा मागच्या माणसाला दिला आणि तो खात्री नसलेल्या बॅटरीचा दिवा आपल्या टोपीला लावला. "मेरा काम तो मुहाने के पास है. वहाँ उजाला रहता है." आणि जाता जाता म्हणाला, "आज उड़ेगा ना?"

दुपारी आत एक माणूस कमी पडला म्हणून त्याला आत पाठवलं. पुढचं कुणी पाहिलं नाही. बरोबरच्या एकाने मागून त्याची हाक ऐकली, "बत्ती गई," एवढीच. वर काढलेली बॅटरी पूर्ण उतरलेली होती. ती चार नंबरची होती का, काकाला सांगता आलं नाही. मला माहीत आहे, तीच होती. इतक्या वर्षांत एकदाही वेगळं वाटलेलं नाही.

चौकशीत काकाने सगळं आपणहून सांगितलं. बॅटऱ्या आपण नेल्या, पुतणीच्या प्रदर्शनासाठी नेल्या, त्यातल्या तीन कमजोर आहेत हे आपल्याला ठाऊक होतं. मी रडले, मी भांडले, ते त्याने सांगितलं नाही. नोकरी गेली. तुरुंगाची भीती महिनाभर घरात होती, ती टळली. आई रोज त्याच्यापुढे ताट ठेवायची, तो भातात बोटं फिरवून उठायचा. गिरणीचा आवाज तसाच चालू होता. शनिवार आला की आई सवयीने डाळ भिजत घाली आणि मग तिच्या लक्षात येई की आता कुठल्या बसची वाट पाहायची नाही, माणूस घरातच बसला आहे.

एका सकाळी काका म्हणाला, "मी फुलवतीकडे जाऊन राह्यलो." मी म्हटलं, मीही येते. बसमध्ये मी मनाशी वाक्य पाठ केलं होतं: बॅटऱ्या मी ठेवून घेतल्या, काकाची चूक नाही, माझी आहे. हिंदीत, नीट, तीन वेळा.

फुलवती खाणीची लाईन सोडून मंगलूच्या गावी परत गेली होती. अंगण सारवलेलं, कडेला मोहाची फुलं वाळत घातलेली. फुलवती माझ्या ताईच्या वयाची असेल, तेवीस-चोवीस. तिने आम्हाला खाट टाकून दिली, पाणी दिलं आणि स्वतः खाली बसली. काका खाटेवर बसला नाही, तिच्यासमोर जमिनीवर बसला. "भौजी, गलती मेरी है," एवढंच बोलला. ती त्याच्याकडे पाहत होती, तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. आता माझी पाळी होती.

तेवढ्यात ती माझ्याकडे वळली. "उड़ा था क्या?"

मला समजलंच नाही. ती म्हणाली, "वो पंखावाला. रोज बताता था. तीन दिन तक पत्ती घिसता रहा, मुझे हाथ नहीं लगाने देता था. उड़ा?"

मी तिच्याकडे पाहिलं. माझ्यापुढे सगळं एकदम आलं: छताची तुळई, साहेबांचा चेहरा, टाळ्या, बक्षीस. तो मेला आणि आमचं उडालं, हे या बाईला कोणत्या तोंडाने सांगू? मला त्याची इतकी लाज वाटली की मी म्हटलं, "नहीं. नहीं उड़ा."

"नहीं उड़ा," असं ती स्वतःशी म्हणाली आणि उठून मोहाची फुलं गोळा करायला लागली. ती वाळलेली नव्हती अजून. तिने पुन्हा आमच्याकडे पाहिलं नाही. पाठ केलेलं वाक्य मी बोललेच नाही.

परतीच्या बसमध्ये काका म्हणाला, "सुमे, खोटं काहून बोलली?"

मी म्हटलं, तिला वाईट वाटलं असतं.

"तिले आता अजून काय वाईट वाटनार हाय?" तो खिडकीबाहेर पाहत होता. "त्याच्या हातची पाती होती. तू सांगितलं असतं का छतापर्यंत गेलं, तर तिच्याजवळ तेवढं तरी राह्यलं असतं. आता तो फुकटच गेला."

त्याचा आवाज चढलेला नव्हता. मी म्हटलं, बस थांबवू, परत जाऊ. तो म्हणाला, "आता ते खरं वाटनार नाही."

काका पुढे धानगिरणीत लागला, मोटरींची देखभाल करायचा. लग्न केलं नाही. धान निघालं की दर वर्षी तो एक पोतं घेऊन फुलवतीच्या गावी जायचा, ती घ्यायची, दारातूनच. मला त्याने पुन्हा कधी नेलं नाही आणि मीही नेण्याचं म्हटलं नाही, भीती वाटायची. आमची बोलचाल कधी थांबली नाही. माझ्या लग्नात सगळ्यात जास्त तो राबला. पण "दोस्त" हा शब्द त्याच्या तोंडून पुन्हा आला नाही. मी पन्नाशीला पोचायच्या आत तो गेला, छातीच्या दुखण्याने. शेवटच्या दिवसांत मी त्याच्याजवळ बसून म्हटलं, "काका, मी जाऊन सांगते तिला." त्याने मान हलवली, हो की नाही, ते मला कळलं नाही.

मी गेले, पण त्यालाही आणखी काही वर्षं लावून. नोकरी होती, मुलं होती, असं मी स्वतःला सांगत होते. गाव सापडलं, अंगणही सापडलं. घरात वेगळीच माणसं. फुलवती काही वर्षांपूर्वीच कामाला नागपूरकडे गेली ती परत आली नाही, जिवंत आहे की नाही तेही कुणाला ठाऊक नव्हतं. घरातली बाई तिच्या लांबच्या नात्यातली होती, माझ्याच वयाची. मी उन्हात तशीच उभी होते. शेवटी म्हटलं, "कभी आई, तो उनको बोलना, वो उड़ा था. छत तक गया था. मैंने झूठ बोला था."

ती बाई माझ्याकडे गोंधळून पाहत राहिली. "क्या उड़ा था, बाई?"

मी तिच्या ओट्यावर बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.